उत्कलनांकावरून मोलर मास: प्रत्यक्षात कोणी काढून पाहिलंय का?

बोरीकाठ
नमस्कार मंडळी. मी अमळनेर भागात एका ज्युनिअर कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. सोल्युशन्सचा धडा दरवर्षी येतो. द्रावकात न उडणारं काही विरघळवलं की उत्कलनांक वाढतो, किती वाढला ते मोजा, सूत्रात टाका, मोलर मास (एका मोलचं ग्रॅममधलं वजन) मिळालं. मुलं गणितं पटापट सोडवतात. यंदा एका मुलीनं वर्गात विचारलं, "सर, हे खरंच असं येतं का, की पुस्तकवाले आकडे उलटे बसवून देतात?"

प्रश्न रास्त आहे. म्हणून आमच्या लॅबमध्ये करून दाखवायचं म्हणतोय. बीकर, बर्नर, एक अंशाच्या खुणांचा काचेचा थर्मामीटर आणि ०.१ ग्रॅमचा वजनकाटा आहे. द्रावक पाणीच. द्राव्य म्हणून साखर, मीठ, युरिया यांपैकी काय घेऊ? किती घेऊ? कोणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

सूत्र सगळ्यांसमोर असावं म्हणून लिहितो:
मोलर मास = (१००० × केबी × द्राव्याचे ग्रॅम) ÷ (तापमानातली वाढ × द्रावकाचे ग्रॅम). केबी म्हणजे त्या द्रावकाचा ठरलेला स्थिरांक, एक मोललला किती अंश वाढ ते सांगणारा. पाण्याचा केबी ०.५१२.

केळीचा_घड
सर मी बारावीलाच आहे, रावेरला. आमच्याकडे हे प्रॅक्टिकलला नाहीच, फक्त तीन मार्काचं गणित असतं 😅 धागा फॉलो करून राहिलो.

द्रावणमहर्षी
सर, आधी साखरेचाच हिशोब करून बघा, म्हणजे काटा कुठे रुतणार ते कळेल.

साखरेचं मोलर मास ३४२. १०० ग्रॅम पाण्यात ३४.२ ग्रॅम घातली, म्हणजे जवळपास वाटीभर, तरी मोलॅलिटी (किलोभर द्रावकात द्राव्याचे किती मोल) होते फक्त १. तापमान वाढणार ०.५१ अंश. तुमच्या थर्मामीटरच्या दोन खुणांच्या मधोमध. तिथे डोळ्यानं अंदाज घ्यायचा म्हणजे मोलर मास २०० पण येईल आणि ६०० पण येईल.

युरिया घ्या. मोलर मास ६०, म्हणजे तेवढ्याच वजनात साखरेच्या जवळजवळ सहापट रेणू. १०० ग्रॅम पाण्यात १० ग्रॅम घातला की वाढ ०.८५. डिजिटल थर्मामीटरनं ०.८ दिसलं तर उत्तर ६४, ०.९ दिसलं तर ५७. वर्गात दाखवायला एवढं पुरतं.

यातली गोम अशी की सूत्रातल्या बाकीच्या गोष्टी वजनकाट्यावर मिळतात, एकटी तापमानवाढ मात्र दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून येते. म्हशीवर बसलेल्या बगळ्याचं वजन काढायला आधी दोघांना मिळून काट्यावर घ्यायचं आणि मग नुसत्या म्हशीला, असा तो प्रकार. काटा म्हशीला साजेसा असून चालत नाही, बगळ्याला साजेसा लागतो.

उगाच_प्रश्न
रेणूचं वस्तुमान थेट मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरच्या जमान्यात हे कशाला? नमुना पाठवा, पाच दशांशापर्यंत उत्तर येतं. १८८० च्या दशकातली पद्धत अजून शिकवतोय आपण.

द्रावणमहर्षी
@उगाच_प्रश्न, संशोधनासाठी आज कोणी हे वापरत नाही, मान्य. पण मास स्पेक एका रेणूचं वस्तुमान सांगतो. द्रावणात प्रत्यक्ष किती कण मोकळे फिरतायत हे तो सांगत नाही, ते उत्कलनांक सांगतो. बेन्झोइक आम्लाचं मोलर मास १२२. बेन्झिनमध्ये विरघळवून मोजलं तर उत्तर दुपटीकडे सरकतं, कारण तिथे दोन-दोन रेणू हायड्रोजन बंधानं जोडीनं राहतात. ही जोडी दिसणं हेच त्या मोजमापाचं फळ.

गंधकाचं उदाहरण मला त्याहून आवडतं. १०० ग्रॅम कार्बन डायसल्फाइडमध्ये २.५६ ग्रॅम गंधक, केबी २.३४, वाढ ०.२३४ अंश. करा गणित: २५६. गंधकाचा अणुभार ३२. म्हणजे एका रेणूत आठ अणू. डोळ्यांनी न दिसणाऱ्या रेणूत आठ अणू आहेत हे थर्मामीटर सांगतो, याला जुनाट म्हणून कसं चालेल?

केळीचा_घड
भारी!! हे एस-८ आम्हाला नुसतं पाठ करायला लावलं होतं.

प्रॅक्टिकल_नाना
रामराम मंडळी. बठ्ठा सूत्रच सांगी राहिनात, थर्मामीटरबद्दल कोनीच बोलत नही!

माझी नोकरी प्रयोगशाळेत गेली, परिचर म्हणून लागलो आणि साहाय्यक म्हणून निवृत्त झालो. एमएस्सीच्या पोरांना हा प्रयोग बेकमन थर्मामीटरवर असायचा. ज्यांनी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. हातभर लांब नळी, खाली मोठा फुगा, वर नागमोडी वळलेली पाऱ्याची छोटी टाकी. पट्टीवर सगळे मिळून पाच-सहाच अंश. पण प्रत्येक अंशाचे शंभर भाग, आणि भिंग लावलं की त्या भागाच्याही आत वाचता येतं. शून्य कुठे ठेवायचं ते आपण ठरवायचं. खालच्या फुग्यातला पारा जास्त वाटला तर वरच्या टाकीत चढवून झटका देऊन तोडायचा, कमी वाटला तर परत जोडून घ्यायचा. हे 'सेट' करण्यातच पोरांचा अर्धा तास जायचा, आणि झटका जोरात बसला की आमचा जीव वर. वाचन घेण्याआधी नळीला पेन्सिलीनं हलक्या टिचक्या मारायच्या, नाहीतर पारा काचेला धरून बसतो आणि मागचाच आकडा दाखवतो.

तो थर्मामीटर 'तापमान किती' हे सांगतच नाही, 'किती वाढलं' एवढंच सांगतो. या कामाला तेवढंच लागतं. हल्ली पाऱ्यामुळे नवे कोणी घेत नाही. तुमच्या कॉलेजच्या कपाटात लाकडी पेटीत पडलेला असेल तर सर, मुलांच्या हातात देऊ नका, नुसता दाखवा.

बोरीकाठ
नाना, पेटी आहे! आत थर्मामीटर आहे की नुसता कापूस, ते उद्या बघतो.

फैजपूरवाली
मी फिजिक्सची, पण एक मुद्दा मांडते. पाणी १०० अंशाला उकळतं हे समुद्रसपाटीचं. जळगाव साधारण २०० मीटरवर आहे, तिथे ९९.३ च्या आसपास. तोरणमाळला, अकराशे मीटरच्या वर, ९६ च्या जवळ. त्यामुळे साध्या पाण्याचं वाचन पुस्तकातून १०० उचलायचं नाही, तिथेच मोजायचं. हे बहुतेकांना माहीत असतं.

जे माहीत नसतं ते असं. हवेचा दाब एकाच जागी दिवसभरात वरखाली होतो. सकाळी दहाच्या सुमारास सगळ्यात जास्त आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. आपल्याकडे उन्हाळ्यात हा फरक तीन-चार हेक्टोपास्कल भरतो. एका हेक्टोपास्कलला पाण्याचा उत्कलनांक ०.०२८ अंशानं सरकतो. म्हणजे सकाळच्या तासाला साधं पाणी उकळून वाचन घेतलं आणि दुपारच्या बॅचनं द्रावण उकळलं, तर ०.१ अंश असाच हवेत गेला. साखरेच्या ०.५ मधला पाचवा हिस्सा! तोही दरवेळी एकाच दिशेनं, त्यामुळे कितीही वेळा मोजून सरासरी काढली तरी सुटका नाही.

उपाय सोपा. आधी पाणी, लगेच द्रावण, लगेच पुन्हा पाणी. दोन्ही पाण्यांची सरासरी धरा.

द्रावणमहर्षी
ताई, हा मुद्दा बारावीच्याच काय, बीएस्सीच्या जर्नलमध्येही सापडत नाही. 👌

केळीचा_घड
मॅडम, मग तोरणमाळला केबी पण बदलतो का? की ०.५१२ फिक्स?

फैजपूरवाली
बदलतो, पण किंचित. केबीच्या सूत्रात वर असतं: वायू स्थिरांक × उत्कलनांकाचा वर्ग × द्रावकाचं मोलर मास. खाली: १००० × बाष्पीभवनाची उष्णता. उत्कलनांक केल्व्हिनमध्ये. पाण्यासाठी ८.३१४ × ३७३.१५ चा वर्ग × १८.०२, भागिले १००० × ४०,६६०. करून बघ, ०.५१३ येतं. ३६९ केल्व्हिनला वरचा आकडा कमी होतो, बाष्पीभवनाची उष्णता थोडी वाढते, म्हणून केबी साधारण ०.५०. दोन-अडीच टक्क्यांचा फरक. परीक्षेत ०.५२ दिलं तर ०.५२ घे आणि पुढे चल.

यातूनच कळतं की बेन्झिनचा केबी २.५३ का आणि पाण्याचा एवढासा का. पाण्याचा रेणू हलका आणि त्याला वाफ करायला उष्णता भरपूर लागते. या प्रयोगाला पाण्याइतका कंजूष द्रावक दुसरा नाही.

उगाच_प्रश्न
मग बेन्झिनच घ्या की.

द्रावणमहर्षी
शाळा-कॉलेजात बेन्झिन नको. कॅन्सरकारक आहे. कार्बन डायसल्फाइड तर नुसत्या गरम नळीवरही पेट घेतं. कार्बन टेट्राक्लोराइडचा केबी ५.०३, सगळ्यात उदार, पण यकृताला विषारी आणि ओझोनच्या करारामुळे वापरातून गेलेलं. पुस्तकातल्या गणितात हे सगळे राहू देत. @केळीचा_घड, तुझ्यासाठी एक: ७५ ग्रॅम बेन्झिनमध्ये ३ ग्रॅम पदार्थ, उत्कलनांक ८०.१० वरून ८०.८९. पदार्थ कोणता? तुमच्या घरी कपाटात असेल.

केळीचा_घड
१००० × २.५३ × ३ = ७५९०. खाली ०.७९ × ७५ = ५९.२५. उत्तर १२८. सी-१० एच-८… डांबर गोळ्या!

द्रावणमहर्षी
शाब्बास भो.

शहादेकर
उशिरा आलो. मी साखर कारखान्यात केमिस्ट आहे, त्यामुळे 'वाढलेला उत्कलनांक' आमच्या रोजच्या बोलण्यातला. पॅनमध्ये निर्वात करून रस साठ-सत्तर अंशालाच उकळवतात, म्हणजे साखर करपत नाही. त्या दाबाला साधं पाणी किती अंशाला उकळलं असतं आणि आतला माल किती अंशाला उकळतोय, या फरकावरून माल किती गाढ झाला, दाणा धरायची वेळ आली का, ते ठरवतात. अनुभवी पॅनमन काचेवर थेंब ओढून बोटानं तार बघतो ते वेगळं.

सरांना एक सावधगिरी. वाढ मोठी दिसावी म्हणून मुलं गाढ द्रावण करतील. करू देऊ नका. ८० टक्के साखरेचा पाक उघड्या भांड्यात ११० च्या आसपास उकळतो. १० अंश वाढ, छान मोठी. आता सूत्रात टाका: २० ग्रॅम पाण्यात ८० ग्रॅम साखर. उत्तर येतं २०५. साखर तर ३४२ ची. साखर पाण्याचे बरेच रेणू स्वतःभोवती धरून ठेवते, मोकळं पाणी उरतं कमी, म्हणून द्रावण हिशोबापेक्षा जास्त तापमानाला उकळतं. हे सूत्र विरळ द्रावणाचं आहे, हलवायाच्या कढईचं नाही.

आणि साखर फार वेळ उकळत ठेवली, त्यातून थोडा आंबटपणा असला, की तिचे तुकडे होतात, ग्लुकोज आणि फ्रुक्टोज. एका रेणूचे दोन. पाक आळू नये म्हणून लिंबू पिळतात ते त्यासाठीच. पण तुमच्या प्रयोगात कण वाढले की मोलर मास घसरलं.

बोरीकाठ
म्हणजे विरळ केलं तर फरक दिसत नाही आणि गाढ केलं तर सूत्र लागत नाही. मधली जागा कुठे?

द्रावणमहर्षी
पाण्यात एक ते दोन मोलल. वाढ अर्धा ते एक अंश. थर्मामीटर मात्र त्या हिशोबाचा हवा.

दीपनगर_पाळी
औष्णिक केंद्रात पाळीवर असतो, रसायनशास्त्र फारसं नाही, पण एक शंका. थर्मामीटर नेमका कुठे ठेवायचा? वाफेत की पाण्यात? आमच्याकडे सेन्सर चार इंच इकडेतिकडे बसला तर आकडा वेगळा येतो.

द्रावणमहर्षी
याच शंकेनं शे-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांची झोप उडवली होती.

वाफेत ठेवलात तर चूक. फुग्यावर वाफेचं पाणी जमतं, ते शुद्ध पाणी, आणि थर्मामीटर शुद्ध पाण्याचाच उत्कलनांक दाखवत राहतो. खाली मीठ असो की साखर, वाढ शून्य. द्रावणात बुडवलात तरी भानगड. खालून ज्योत असते, बुडबुडा सुटण्याआधी द्रव आपल्या उत्कलनांकाच्या वर तापतो आणि मग एकदम उसळतो. ही जादाची तापणी कधीकधी एक अंशावर जाते. आपण मोजतोय अर्धा अंश!

१९१९ मध्ये कॉट्रेल या अमेरिकन रसायनतज्ज्ञानं यावर तोडगा काढला. उकळत्या द्रवात उलटं नरसाळं ठेवायचं. त्याच्या नळीतून बुडबुडे वर चढताना द्रव सोबत घेऊन येतात आणि तो वर लटकवलेल्या थर्मामीटरवर शिंपडला जातो. वर ज्योतीची झळ नाही, जादा तापलेला द्रव तिथे पोचेपर्यंत जादाची उष्णता वाफेवाटे सोडून देतो. फुग्यावर कायम द्रावणाचा पातळ थर, अगदी त्याच्या खऱ्या उत्कलनांकाला.

आणि @दीपनगर_पाळी, हा कॉट्रेल तुमच्या ओळखीचा आहे. चिमणीतून राख बाहेर पडू नये म्हणून विजेच्या भारानं धूळ पकडणारी तुमची ईएसपी यंत्रणा त्याचीच.

दीपनगर_पाळी
काय सांगता! रोज त्याच ईएसपीचे हॉपर बघतो. पाळीवर सगळ्यांना सांगतो आज.

प्रॅक्टिकल_नाना
नरसाळ्याचं काचकाम आता कोण करून देणार? सर, तुमच्या लॅबला लँड्सबर्गरची पद्धत बसेल. ज्योत द्रावणाखाली लावायचीच नाही.

एका फ्लास्कमध्ये साधं पाणी उकळायचं. त्याची वाफ रबरी नळीनं मोठ्या टेस्ट ट्यूबमध्ये ठेवलेल्या द्रावणात सोडायची. ट्यूबला बाहेरून कापूस गुंडाळा. थर्मामीटर द्रावणात. वाफ आधी जिरत राहील, खडखड आवाज येईल, मग आवाज बदलतो आणि वाफ सरळ बाहेर पडायला लागते. तेव्हा आकडा थांबतो. तोच घ्यायचा.

दोन गोष्टी विसरू नका. फ्लास्कच्या बुचात एक उभी मोकळी काचनळी पाण्यात बुडेल अशी ठेवा, वाट तुंबली तर दाब तिथून निघेल. आणि बर्नर बंद करण्याआधी वाफेची नळी द्रावणातून बाहेर काढा. उलटं केलं की फ्लास्क थंड होताच सगळं द्रावण ओढून घेतो. तेव्हा आमच्याकडे एक वाक्य ठरलेलं होतं: "आधी नळी, मग कळी."

केळीचा_घड
पण नाना, १०० अंशाची वाफ द्रावणाला १०१ वर कशी नेणार? गरम वस्तू आपल्याहून गरम वस्तूला उष्णता देत नाही ना?

फैजपूरवाली
पोरा, प्रश्न चांगला आहे. १०० अंशाच्या द्रावणाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी असतो, द्राव्यामुळे. म्हणून वर आलेली वाफ तिथे शिरून पाणी होते. पाणी होताना ती सुप्त उष्णता सोडते, ग्रॅमला २२६० ज्यूलच्या आसपास. द्रावण त्या उष्णतेनं तापतं, वाफेच्या तापमानानं नाही. द्रावणाचा बाष्पदाब बाहेरच्या दाबाएवढा झाला की वाफ आत शिरायची थांबते. तोच द्रावणाचा उत्कलनांक. त्याच्या वर ते जाऊच शकत नाही, म्हणून जादा तापणं इथे नाही. फार देखणी पद्धत आहे ही.

द्रावणमहर्षी
एक भर. वाफ जिरल्यामुळे द्रावणातलं पाणी वाढत जातं. त्यामुळे सुरुवातीचं पाण्याचं वजन सूत्रात घालू नका. आकडा घेतल्याबरोबर ट्यूब बाहेर काढून वजन करा, त्यातून रिकामी ट्यूब आणि द्राव्य वजा करा. उरलं ते त्या क्षणीचं पाणी. उघड्या बीकरमध्ये उकळताना पाणी कमी होत जातं आणि त्याचा हिशोब कोणीच ठेवत नाही, तो घोळ इथे आपोआप मिटतो.

द्राव्य मात्र बदला. उकळत्या पाण्यात युरिया हळूहळू अमोनियाच्या वाटेला लागतो, आणि खताच्या गोणीतल्याला हल्ली कडुनिंबाचं तेल असतं. मेडिकलमधलं ग्लिसरीन घ्या. मोलर मास ९२, स्वतः २९० अंशाला उकळतं म्हणून वाफेत जात नाही, पाण्यात कितीही मिसळतं.

उगाच_प्रश्न
एवढी खटपट करण्यापेक्षा बर्फ आणा. गोठणबिंदूचा केएफ १.८६ आहे, साडेतीनपट. दाबाचा त्रासही नाही. मे महिन्यात ४५ अंशात बर्नरजवळ पोरं उभी करणार का? गोळेवाल्याकडून बर्फाची लादी घ्या, मीठ मारा, काम संपलं.

फैजपूरवाली
यावेळी उगाच नाही, खरा मुद्दा आणलात 😄 मोलर मासच काढायचं असेल तर गोठणबिंदू केव्हाही सरस. पण सरांच्या विद्यार्थिनीनं उकळण्याबद्दल विचारलंय.

दीपनगर_पाळी
प्लॅस्टिकचं मोलर मास पण असंच काढतात का?

द्रावणमहर्षी
नाही. समजा मोलर मास ५०,००० आहे आणि १०० ग्रॅम पाण्यात १ ग्रॅम विरघळला. मोलॅलिटी ०.०००२, वाढ ०.०००१ अंश. कोणता थर्मामीटर लावणार? त्याच द्रावणाचा परासरण दाब (पडद्याआडून पाणी द्रावणाकडे ओढलं जातं तो) २५ अंशाला सुमारे ५०० पास्कल, म्हणजे पाण्याचा पाच सेंटीमीटर उंच स्तंभ. पट्टी लावून मोजता येतो. मोठ्या रेणूंना तीच वाट.

बोरीकाठ
मंडळी, केलं. पेटीत नुसता कापूसच निघाला, नाना. मग एका विद्यार्थ्याच्या भावानं स्टीलच्या टोपणातला डीएस१८बी२० हा डिजिटल तापमान सेन्सर जोडून दिला. तो ०.०६२५ अंशाच्या पायऱ्यांनी आकडा देतो. खरं तापमान अर्धा-एक अंश चुकीचं दाखवत असेल, पण तीच चूक दोन्ही वाचनांत असल्यानं वजाबाकीत निघून जाते.

नानांच्या पद्धतीनं, सकाळच्या तासाला. आधी पाणी, मग द्रावण, मग पुन्हा पाणी. आवाज बदलतो ते नानांनी सांगितलं तस्संच. सगळा वर्ग एकदम गप्प झाला तेव्हा.

ग्लिसरीन ९.२ ग्रॅम. आकडा थांबल्यावर वजनातून पाणी निघालं ६४ ग्रॅम. वाढ १२ पायऱ्या, म्हणजे ०.७५. मोलर मास ९८. खरं ९२. सेन्सर एक पायरी वर गेला असता तर ९०.६ आलं असतं. प्रश्न विचारणारी मुलगी म्हणाली, "म्हणजे उत्तर या दोघांच्या मध्ये आहे एवढंच आपल्याला कळलं." मी म्हटलं, बरोबर, एवढंच कळलं.

मीठ ५.८५ ग्रॅम, पाणी ८० ग्रॅम, वाढ १९ पायऱ्या, १.१८७५. मोलर मास ३१.५! वर्गात ओरडा झाला, कारण सगळ्यांना ५८.५ पाठ.

केळीचा_घड
व्हॅन्ट हॉफ फॅक्टर, म्हणजे विरघळल्यावर एकाचे किती कण होतात तो आकडा! मीठ फुटून दोन आयन होतात. पण मग ५८.५ ÷ ३१.५ = १.८६ येतं, २ का नाही?

द्रावणमहर्षी
कारण सोडियम आणि क्लोराइड सुटे झाले तरी विरुद्ध भारांमुळे एकमेकांना पूर्ण सोडत नाहीत. सव्वा मोललच्या आसपास द्रावण असलं की हा ओढा चांगलाच जाणवतो. विरळ करत गेलं तर आकडा २ कडे सरकतो, पण तापमानवाढही तितकीच आक्रसते आणि तुमचा सेन्सर हात टेकतो. शिवाय १९ पायऱ्यांत एक पायरी इकडेतिकडे म्हणजे पाच टक्के, तेव्हा १.८६ मधल्या सहाला फार महत्त्व देऊ नकोस. दोनपेक्षा थोडं कमी, एवढं खात्रीनं म्हणता येतं.

शहादेकर
सर, मस्त! आकडे जसे आले तसेच जर्नलमध्ये लिहू द्या, ९८ खोडून ९२ करायला लावू नका.

बोरीकाठ
तेच सांगितलंय. पुढच्या आठवड्यात गटांना न सांगता पदार्थ द्यायचा विचार आहे. पुडीवर फक्त नंबर. काय द्यावं?

प्रॅक्टिकल_नाना
एका पुडीत मीठ द्याच, कोण ३० लिहून गप्प बसतो आणि कोण विचार करतो ते दिसेल. दुसरीत ग्लुकोज. पण १८ ग्रॅमनं १०० ग्रॅम पाण्याला आठच पायऱ्या मिळतील, म्हणून दुप्पट घ्या.

द्रावणमहर्षी
आणि ग्लुकोज घेताना पाकिट वाचा. व्हिटॅमिन घातलेली पावडर नको. बाटलीवर मोनोहायड्रेट लिहिलं असेल तर उत्तर १८० ऐवजी दोनशेच्या आसपास येईल, कारण स्फटिकात बसलेलं पाणी तुम्ही द्राव्य म्हणून तोललेलं असतं. मी तर म्हणतो मोनोहायड्रेटच द्या, आणि लेबल झाकून ठेवा.

केळीचा_घड
सर, रावेरहून अमळनेरला त्या दिवशी आलो तर बसू द्याल का वर्गात?

बोरीकाठ
ये की. फक्त साडेनऊच्या आत, दाब उतरायच्या आधी.